आठवी खेप

मास्तर,

त्या सकाळी मी दीपमाळेचा सगळ्यांत वरचा दगड पारावर ठेवला. माघाचे दिवस होते, दोर दंवानं ओले होते आणि हाताला कापत होते. सहा माणसं दोरावर, दोघं पहारी घेऊन, आणि गुरवदादा दगडाला हात लावून त्याच्याबरोबर पावलं टाकत होते. दगड पारावर टेकला तेव्हा मी मोठ्यानं "एक" म्हणालो. मनात म्हणालो, राहिल्या तीस. माझी चूक तिथंच झाली होती, पण ती मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळली. तुम्हाला जाऊन तीसएक वर्षं झाली असतील. तुमच्या मागे जे काही मी केलं त्यातलं बरंच तुम्हाला सांगावं असं कधी वाटलं नाही. हे मात्र तुम्हालाच सांगायला हवं, कारण यातलं गणित तुमचं आहे.

ती दीपमाळ तुम्ही पाहिली आहे. खालापुराकडून येताना सडकेच्या कडेला होती ती, महादेवाच्या देवळाच्या अलीकडे. एका चौथऱ्यावर पाच गोल दगड, खालचा गाडीच्या चाकाएवढा आणि वर लहान लहान होत गेलेले, प्रत्येकाच्या कडेला पणत्या ठेवायला पुढे आलेले दगडी कान. लढाईच्या दिवसांत घाटाकडे लष्कराच्या लॉऱ्यांची रीघ लागली आणि सडक रुंद करायचं निघालं. कंत्राटदाराचा माणूस गावात येऊन सांगून गेला की पुढच्या सोमवारपासून आठ दिवसांत दीपमाळ उचला, नववा उजाडला की ते दगड फोडून खडी होईल. मी तेव्हा पळसदरीला रेल्वेच्या गँगवर मुकादम होतो. रूळ आणि स्लीपर उचलण्यात माझी हयात गेली, म्हणून गावानं मला बोलावून घेतलं. मी आठ दिवसांची रजा घेतली, कप्पी आणि दोर मागून आणले, तीन सागवानी वाशांची तिकाटी बांधली.

दगड ठेवायला जागा तीनच होत्या. जुना चौथरा, देवळाजवळ चढावर बांधलेला नवा चौथरा, आणि मध्ये पिंपळाचा पार. गुरवदादांचं म्हणणं असं की देवाचा दगड उघड्या जमिनीला टेकता कामा नये, पूजा केलेल्या दगडावरच तो विसावायचा. सगळ्या गावाचं तेच म्हणणं होतं आणि माझंही होतं. मोठा दगड लहानावर ठेवायचा नाही हे तर कुणी सांगायलाच नको, कारण खालच्याचे कान तुटले असते. पारावरच दीपमाळ का उभारली नाही असं तुम्ही विचाराल, तर वर पिंपळाच्या फांद्या, पणत्या लागल्या की झाड होरपळणार.

हे सगळं ऐकताना मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं, मास्तर. रविवारचा दिवस आहे, आम्ही तिघं पोरं जळणाची फाटी घेऊन आलो आहोत, आक्का चुलीपाशी आंबील ढवळताहेत, आणि तुम्ही भिंतीशी तीन पाट मांडून एका पाटावर कुंभाराकडच्या पाच झाकण्या रचता आहात. मोठी खाली, लहान वर. एका वेळी एकच उचलायची, मोठी लहानीवर ठेवायची नाही, सगळी चळत दुसऱ्या पाटावर न्यायची. फुटली तर आक्का रागावतील, म्हणून आम्ही श्वास धरून उचलतो. एक झाकणी असली तर एक खेप. दोन असल्या तर तीन. तीन असल्या तर सात, चार असल्या तर पंधरा, पाच असल्या तर एकतीस. कुठली झाकणी कधी हलते तेही तुम्ही पाटावर बोटं वाजवून म्हणवून घेता, एक दोन एक तीन, एक दोन एक चार, आणि लहान झाकणी दर एकाआड एक खेपेला हलते हे पाहून आम्ही हसतो. मी पुढचे आकडे बोलून दाखवले, आधीच्याची दुप्पट आणि वर एक, दहा झाकण्यांना एक हजार तेवीस. तुम्ही उठून कोनाड्यातली तुमची जुनी पाटी मला दिलीत. पहिल्यांदा कुणी मला काही दिलं होतं. मग तुम्ही विचारलंत, "पाच झाकण्या आहेत. पहिली कुठं ठेवशील?" मी पाटीकडे बघत म्हणालो, "कुठंही." तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "कुठंही म्हणणाऱ्यानं ओझं उचलायला जाऊ नये." त्यानंतर तुम्ही बराच वेळ काही समजावत होतात. मी ऐकलं नाही. मी पाटी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि घरी जाऊन आईला कशी दाखवायची ते ठरवत होतो.

गावाला मी सांगितलं, एकतीस खेपा. दिवसाला चार, आठव्या दिवशी काम पुरं, एक खेप हातची. तिकाटी हलवायची, दगड बांधायचा, गोल ओंडक्यांवरून फळीवर ओढत न्यायचा, पुन्हा तिकाटी, पुन्हा उतरवायचा; दिवसाला चारच्या वर होणार नाहीत असा माझा अंदाज होता. आकडा ऐकून लोकांना बरं वाटलं. पाच दगडांना एकतीस खेपा कशाला असंही एकदोघांनी विचारलं, तर मी त्यांना गोट्यांवर दाखवलं. कामाला हात लावायच्या आधी गुरवदादा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मुकादम, एक आयक. कळस पयला नव्या चौथऱ्यावर टेकवायचा नाय. आधी कळस मग पाया असं नको व्हायला. दुसरा कुठलाबी दगड ठेव, त्याच्यावर कळस बसूं दे, माजं काय म्हननं नाय. पारावर ठेवला तर चालंल ना रं?"

"चालेल की," मी म्हणालो. "कुठंही ठेवला तरी एकतीसच."

पहिला दिवस चांगला गेला. तुमचं ते एक दोन एक तीन मी दोरावरच्या माणसांना शिकवलं आणि त्यांनी त्याचा जोर लावायचा ठेका करून टाकला. सगळ्यांत लहान दगड सारखा हलतो हे त्यांच्याही ध्यानात आलं. गुरवदादा म्हणाले, "ही घरातली धाकटी सून. सारकी उठबस हिचीच. आनि तो खालचा म्हातारा सासरा, एकदाच उठनार, त्यालाबी सगळ्यांनी धरून उठवायचा." त्यावर कुणी म्हणालं, "तुमी कोन मग, गुरवदादा?" ते म्हणाले, "मी देवाचा जावई. मला कुनी उठवतच नाय."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना सात खेपा झाल्या होत्या. वरचे तीन दगड पारावर नीट बसले होते. जुन्या चौथऱ्यावर खालचे दोन, नवा चौथरा मोकळा. चौथा दगड बांधून झाला आणि दोरावरचा एक जण म्हणाला, "मुकादम, ह्यो कुठं न्यायचा?"

"पारावर तर तीन बसलेत," दुसरा म्हणाला. "त्यांच्यावर नाय चालायचा."

"मग नव्यावरच की," गुरवदादा म्हणाले.

तेव्हा मला दिसलं, मास्तर. चौथा नव्या चौथऱ्यावर गेला की वरचे तीन त्याच्यावर येऊन बसणार. मग सगळ्यांत मोठा मोकळा होईल तेव्हा त्याला रिकामी जागा उरणार ती फक्त पारावरची. सगळी दीपमाळ पिंपळाखाली उभी राहणार होती. दगड पाच होते, पाच म्हणजे विषम, तेव्हा पहिला दगड जिथं पोचायचं तिथंच ठेवायला हवा होता. चार असते तर पारावर चालला असता. तुम्ही त्या दिवशी हेच समजावत होतात. दगड तिकाटीला लोंबत होता, सहा माणसं दोर धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हिशेब केला. आता थांबलो, पारावरचे तीन आधी नव्या चौथऱ्यावर नेले आणि तिथून पुढे गेलो, तर इथून अजून एकतीस खेपा. हातात सहा दिवस आणि ही संध्याकाळ. दिवसाला पाचच्या जरा वर. जमलं असतं. फक्त तोंड उघडायला हवं होतं.

मी म्हणालो, "घ्या."

का म्हणालो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. झोडणी सोडून आलेली ती माणसं होती. मला ती मुकादम म्हणत, माझ्या आकड्यावर दोर ओढत. गोट्यांवर दाखवून झालेलं गणित दोन दिवसांत चुकलं असं सांगायची मला लाज वाटली. त्या संध्याकाळी देवळात जाऊन मी हात जोडले आणि महादेवाला म्हणालो, कसंही करून जमव. काय जमवायचं होतं त्यानं? पाचाचे चार करायचे होते? त्यानंतरचे दोन दिवस मी ठेका म्हणत राहिलो. प्रत्येक दगड चुकीच्या जागी इतका नीट, इतका सांभाळून बसत होता की बघणारी बायामाणसं आनंदानं हळदकुंकू वाहत होती. मला जेवण जात नव्हतं. गुरवदादांच्या घरून माझ्यासाठी भाकरी यायची, ती मी बैलाला घालत होतो.

चौथ्या दिवशी पंधरावी खेप झाली आणि चार दगड नव्या चौथऱ्यावर उभे राहिले, देखणे, सरळ. जुन्या चौथऱ्यावर सगळ्यांत मोठा एकटा. पार रिकामा. आता कुणालाही दिसणारच होतं. मी सांगितलं की हे चार पारावर न्यावे लागतील, मग मोठा नव्यावर, मग पुन्हा चार त्याच्यावर. पंधरा, एक आणि पंधरा. अजून एकतीस.

पहिल्या दिवशी एकतीस, चौथ्या दिवशीही एकतीस. एक म्हातारा म्हणाला, "हे रं कसं? चार दिस काय आमी दगडाला फिरवून आनला?" आणि मी, मास्तर, गुरवदादांकडे बघितलं आणि म्हणालो, "कळस आधी नव्यावर नको म्हणाले ना, म्हणून खेपा वाढल्या."

ते धडधडीत खोटं असतं तर कुणीतरी पकडलं असतं. अर्धं खरं होतं, म्हणून ते टिकलं. गुरवदादांनी मान खाली घातली. "माज्यामुळं झालं," ते म्हणाले. "आता मी बाजूला ऱ्हात नाय." आतापर्यंत ते दगडाला नुसता हात लावून चालत, त्या वेळेपासून ते दगड बसवायला स्वतः वाकू लागले.

आता दिवसाला आठ खेपा करायच्या होत्या. तांबडं फुटताना सुरू करायचं, भाकरी उभ्यानं खायची. तिकाटी नीट रोवली का हे दोनदा बघायची माझी सवय; ती एकदावर आली. ठेका भराभर होत गेला आणि मग बंदच पडला, कारण दम लागून कुणाला म्हणवेना. पाचव्या दिवशीची आठवी खेप, म्हणजे एकूण तेविसावी, चौथ्या दगडाची. तो पारावर उतरत होता. त्याच्या बुडाशी गुरवदादा उजवा हात घालून आधाराला लावलेली दगडाची चिपरी काढत होते. तिकाटीचा एक पाय वीतभर सरकला. फार नाही, वीतभरच. दगड बसला. त्यांनी आरोळी मारली नाही. "हात," एवढंच म्हणाले. आम्ही पहारी घालून दगड उचलेपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

आठव्या दिवशी मावळतीला काम पुरं झालं. दीपमाळ नव्या चौथऱ्यावर उभी आहे, एकही कान तुटलेला नाही. गावात बोललं जाऊ लागलं की गुरवानं नको तिथं शास्त्र काढलं, कामात खोळंबा केला, म्हणून देवानं त्याच्याच हातावर दाखवलं. आणि ज्याचा उजवा हात असा, त्यानं पिंडीवर पाणी कसं घालावं? वर्षाच्या आत पूजा त्यांच्या भावकीतल्या दुसऱ्या घरी गेली. गुरवदादा डाव्या हातानं विळा धरायला शिकले. मी पळसदरीला परत गेलो. दर सोमवारी गावी येत होतो, देवळात जात होतो, आणि दर वेळी त्या दुसऱ्या पुजाऱ्याच्या हातचं तीर्थ घेत होतो. अशी पाच वर्षं गेली. लढाई संपली, राज्य बदललं.

या कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेला, दुपारी दीपमाळेवर पणत्या मांडायला सगळा गाव जमला होता तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की त्या वेळची चूक माझी होती, गुरवदादांची नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं, चालेल का म्हणून. मी चालेल म्हणालो. पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. "पयला दगड कुठं ठेवला त्यानं काय व्हतं?" असं सगळे म्हणू लागले. तेव्हा मी भंडाऱ्याच्या टोपांवरची पाच झाकणं आणि तीन पत्रावळी मागवल्या, आणि मांडी घालून बसलो. पहिलं झाकण मधल्या पत्रावळीवर ठेवून सगळं करून दाखवलं. चळत मधल्या पत्रावळीवर उभी राहिली. मग पहिलं झाकण पलीकडच्या पत्रावळीवर ठेवून दाखवलं. चळत पलीकडे गेली. पोरं मोजत होती, दोन्ही वेळा एकतीस भरले. एक म्हातारी पुढे सरकून बसली होती, ती म्हणाली, "पुन्यांदा कर." मी पुन्हा केलं. ती म्हणाली, "म्हंजे पयलंच चुकलं. मंग वरनं कितीबी नीट ठेवा." आणि वळून बाकीच्यांना म्हणाली, "आनि आपन त्या गुरवाला बोल लावला."

कुणीतरी विचारलं, "मुकादम, तुला कदी कळलं हे?"

मी म्हणालो, "पंधराव्या खेपेला. चार दगड नव्यावर बसले तेव्हा."

गावानं पूजा पुन्हा गुरवदादांच्या घरी दिली. त्यांचा मुलगा पाणी घालतो, ते शेजारी बसून सांगतात. त्या दिवशी सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. त्यांनी अंगठा उरलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "पंदराव्याला कळलं, मग तू तरी काय करनार व्हतास रं? मानसाला चूक मागाहूनच दिसती. मनात ठेवू नको." घरी येऊन मी बसून राहिलो. पाच वर्षं त्यांचं काही न बोलणं मी सोसलं होतं. ही माया मला सोसवेना.

म्हणून परवा हे पत्र लिहायला घेतलं. खरं सांगतो, मास्तर, तुम्हाला सांगितलं की झालं, असंच माझ्या मनात होतं. आठव्या खेपेचं इथं लिहावं, कागद देवळातल्या पोथ्यांच्या फडक्यात ठेवून द्यावा, म्हणजे कुठंतरी कबूल केल्यासारखं होईल. तुम्हाला लिहिणं सोपं होतं. तुम्ही उलटून काही विचारणार नाही. काल "घ्या" हा शब्द लिहून झाला आणि पुढं लिहिताना हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मी दौत बंद केली.

आज सकाळी गुरवदादांच्या घरी गेलो. ते खळ्यात डाव्या हातानं सूप पाखडत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मला पंधराव्याला नाही, आठव्याला कळलं होतं. दगड तिकाटीला होता तेव्हाच. तेव्हा बोललो असतो तर सहा दिवस होते, घाई झाली नसती. आणि तुमचं नाव मी मुद्दाम पुढं केलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. अंगावरचा कोंडा झटकला. मग त्यांनी विचारलं, "त्या टायमाला का नाय बोललास?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सूप उचललं. मनात ठेवू नको असं या वेळी ते म्हणाले नाहीत. "जा आता," म्हणाले. मी आलो.